रोटरी युथ एक्स्चेंज: दहावीनंतर वर्षभर परदेशातल्या घरी राहायचं तर अर्ज कसा होतो

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन कामं करत होते: भूमितीची प्रमेयं पाठ करणं आणि एका अनोळखी कुटुंबाला पत्र लिहिणं. कुटुंब कोणतं, देश कोणता, काहीच ठरलं नव्हतं. तरी पत्रात घरातली माणसं, माझ्या सवयी, आवडीनिवडी सगळं लिहायचं होतं. तेच पत्र पुढे ब्राझीलला पोचलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नाशिकहून मीही पोचले. परत आल्यापासून नातेवाइकांचे आणि बाबांच्या ओळखीतल्या पालकांचे फोन येतात. प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती, वर्ष वाया जातं का, मुलीला अनोळखी घरात कसं पाठवलंत. तिसऱ्याचं उत्तर आईबाबाच देऊ शकतील. बाकीचं एकदाच लिहून टाकते.

आधी रोटरी युथ एक्स्चेंज काय नाही ते सांगते. ही शिष्यवृत्ती नाही, परदेशातली पदवी नाही आणि एजंटकडे पैसे भरून मिळणारी जागाही नाही. रोटरी ही समाजसेवा करणाऱ्या लोकांची जगभर पसरलेली संघटना. तिचे गावोगावचे क्लब हे काम स्वयंसेवक म्हणून करतात. पहिली अदलाबदल १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या क्लबने घडवली होती. दीर्घ मुदतीचा कार्यक्रम एका शैक्षणिक वर्षाचा असतो. साधारण १५ ते १९ वयाच्या मुलामुलींनी तिकडच्या कुटुंबात राहायचं आणि तिकडच्या शाळेत जायचं. अल्प मुदतीचा काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंतचा असतो. बहुतेक वेळा सुट्टीत तुम्ही त्यांच्या घरी जाता आणि नंतर त्यांचं मूल तुमच्या घरी येतं. दहावीनंतरचं वर्ष मोडायचं नसेल तर अल्प मुदतीचा बरा. पण भाषा हवी असेल तर तीन आठवड्यांत ती येत नाही, हे आधीच मान्य करून जा.

कोण अर्ज करू शकतं

आईवडील रोटरीचे सदस्य असलेच पाहिजेत, हा सगळ्यात मोठा गैरसमज. सदस्य नसलेल्यांच्या मुलांनाही अर्ज करता येतो. अट एवढीच की जवळच्या एखाद्या क्लबने तुम्हाला पुढे केलं पाहिजे. क्लबच्या वर डिस्ट्रिक्ट असतं, म्हणजे एका भागातल्या क्लबांचा गट. त्याला क्रमांक असतो. नाशिक-नागपूर ३०३० मध्ये येतं, पुणे-रायगड ३१३१ मध्ये. अंतिम निवड आणि देशाचं वाटप डिस्ट्रिक्टची युथ एक्स्चेंज समिती करते. म्हणून सुरुवात आपल्या गावातल्या क्लबच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटून करायची. आमच्या क्लबने गेल्या कित्येक वर्षांत कुणाला पाठवलंच नव्हतं. पहिल्या भेटीत तिथल्या काकांनी आम्हालाच विचारलं, “फॉर्म कुठे मिळतो हो?” तरी काम झालं. पुढे करणाऱ्या एका क्लबची सही लागते, ती त्यांनी दिली.

मार्क बरे हवेत, टॉपर असायची गरज नाही. मुलाखतीत मला एकदाही टक्के विचारले नाहीत. विचारलं ते असं: “तुझ्यासमोर ताटात न आवडणारी भाजी आली आणि यजमान समोर बसलेत. काय करशील?” आईबाबांची मुलाखत वेगळी झाली. त्यांना बहुधा जास्त घाम फुटला असावा, कारण अर्ज मुलाचा दिसत असला तरी तो अख्ख्या घराचा असतो. आपल्याकडच्या बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये बाहेर जाणाऱ्या मुलाच्या कुटुंबाने परदेशातून येणारं मूल काही महिने घरी ठेवावं अशी अपेक्षा असते. घर लहान आहे, आजी आजारी आहे, स्वयंपाकघरात मांसाहार चालत नाही, असं काहीही असेल तर ते मुलाखतीतच बोला. ठेवणं शक्यच नसेल तर दुसरं घर शोधून देता येईल का, हेही तिथेच विचारा.

अल्पवयीन मूल आहे म्हणून दोन्हीकडच्या घरांची तपासणी होते. स्वयंसेवक घर पाहायला येतात, घरातल्या मोठ्या माणसांची पार्श्वभूमी तपासली जाते. तिकडे तुम्हाला एक समुपदेशक मिळतो आणि तो यजमान कुटुंबातला नसतो. हा नियम फार शहाणपणाचा आहे. घराबद्दलची तक्रार त्याच घरात कशी करणार?

अर्जात काय काय लागतं

फॉर्म इंग्रजीत असतो आणि लांबलचक असतो. शाळेचे गेल्या काही वर्षांचे गुण, मुख्याध्यापकांचं किंवा शिक्षकांचं शिफारसपत्र, डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय भाग, दंतवैद्यांचा वेगळा कागद, फोटो, तुमचं पत्र, आईवडिलांचं पत्र आणि नियमांखाली सगळ्यांच्या सह्या.

दातांची तपासणी ऐनवेळी करू नका. दाढ किडलेली निघाली तर उपचार इथेच पूर्ण करून जायचं असतं, कारण प्रवास विम्यात दातांचा नेहमीचा खर्च सहसा बसत नाही. लसीकरणाचं कार्ड आमच्याकडे सापडलंच नाही. लहानपणीचे डॉक्टर गाव सोडून गेलेले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी काही डोस पुन्हा देऊन नवी नोंद करून दिली. तुमचं कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे ते आजच बघा.

आता पत्र. सगळेजण गुगलवरून “आय ॲम अ हार्डवर्किंग गर्ल” छापाचं काहीतरी उतरवतात. पण ते वाचणाऱ्या यजमान घरातल्या बाईला जाणून घ्यायचं असतं की ही मुलगी सकाळी किती वाजता उठते, कुत्र्याला घाबरते का, एकटी झोपते का. मी तिथे एक चूक केली. कुणीतरी सांगितलं की शाकाहारी मुलांना घर मिळायला वेळ लागतो. मी लिहिलं, सगळं खाते. खरं तर मी अंड्यापलीकडे मांसाहार करत नाही. ब्राझीलमध्ये पहिल्याच रविवारी माझ्या स्वागताला घरामागे शेगडी पेटवून शुर्रास्को, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मांस. वीस पाहुणे. सगळ्यांचे डोळे माझ्या ताटाकडे. मी भात आणि राजम्यासारखी दिसणारी उसळ वाढून घेतली. तिच्यातही डुकराच्या मांसाचे तुकडे होते, ते तिथे नेहमीचंच. दुसऱ्या दिवशी रडत खरं सांगितलं. यजमान आई रागावली नाही. तिने माझ्यासाठी उसळ वेगळ्या पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. पण तिचं एक वाक्य मी विसरलेले नाही: “हे तू फॉर्ममध्ये लिहिलं असतंस तर मी त्या दिवशी तुझ्यासाठी काहीतरी केलं असतं.” आहार, औषधं, ॲलर्जी, आधी घेतलेले मानसिक उपचार, यातलं काहीही लपवू नका.

नाव, जन्मदाखला, पासपोर्ट

इथे आपल्याकडच्या मुलांचे खरे हाल होतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. जन्मदाखल्यावर कधी नावाची जागाच रिकामी, कारण नोंद बारशाआधी झालेली. नाव नसेल तर ज्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तिथे नाव घालून नवा दाखला घ्यावा लागतो. सगळ्या कागदांवर स्पेलिंग एकच आहे ना, हे अर्जाआधी पाहा. माझे कागद बरोबर होते, तरी तिकडच्या शाळेच्या हजेरीत पहिले दोन महिने मला बाबांच्या नावाने हाक मारत होते.

पासपोर्टची एक बारीक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोवरचा असतो. म्हणजे मूल सतरा वर्षांचं असताना गेलं तर पासपोर्ट परदेशातच संपू शकतो. पण १५ ते १८ वयात दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो. तो पर्याय फॉर्ममध्ये निवडा. आईवडिलांच्या संमतीसाठी परिशिष्ट ‘ड’ लागतं. दोघांपैकी एकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट ‘क’.

ब्राझीलच्या व्हिसासाठी आम्हाला जन्मदाखल्यावर आणि आईबाबांच्या संमतीपत्रावर ॲपोस्टिल करून घ्यावं लागलं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्यावा लागला. आधी राज्य सरकारची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. तीन आठवडे गेले. प्रत्येक देशाची यादी निराळी असते. अमेरिकेला जायचं तर अदलाबदल कार्यक्रमांसाठीचा जे-१ व्हिसा, आणि त्यासाठी तिकडून डीएस-२०१९ नावाचा कागद यावा लागतो. तिथे वयाची अटही जास्त कडक: कार्यक्रम सुरू होताना १५ पूर्ण हवीत आणि साडेअठराच्या पुढे गेलेलं चालत नाही.

व्हिसाचा अर्ज मात्र एका कागदाशिवाय सुरूच होत नाही. त्याला गॅरंटी फॉर्म म्हणतात. यजमान क्लब, यजमान डिस्ट्रिक्ट आणि तिकडची शाळा यांच्या त्यावर सह्या असतात: ही मुलगी आमच्याकडे राहणार, या शाळेत शिकणार, जबाबदारी आमची. माझा फॉर्म मे महिन्याच्या शेवटी आला. तोवर बाबा रोज रात्री ईमेल उघडून बघायचे आणि काही न बोलता बंद करायचे. गॅरंटी फॉर्म हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. आमच्या बरोबरीच्या एका मुलाचा देश एप्रिलमध्ये बदलला.

पैसे

तिकडचं राहणं, जेवण आणि शाळेची फी यजमान बाजू पाहते. यजमान क्लब महिन्याला थोडा हातखर्चही देतो. आपल्या खिशातून जातं ते असं: जाण्यायेण्याचं विमानतिकीट, वर्षभराचा वैद्यकीय विमा, पासपोर्ट-व्हिसा-ॲपोस्टिल, डिस्ट्रिक्टचं शुल्क, ब्लेझर, अडीअडचणीला तिकडच्या समुपदेशकाकडे ठेवायची काही शे डॉलरची रक्कम आणि वरखर्च. तिकडे मुलांच्या गटसहली निघतात, त्यांचा खर्च वेगळा. शुल्क डिस्ट्रिक्टनुसार बदलतं. म्हणून आकडा कुणाच्या तोंडून ऐकू नका, समितीकडून लेखी घ्या आणि आधी परत यावं लागलं तर त्यातलं काय परत मिळतं तेही विचारा.

हा सगळा खर्च झेपणारा नसेल तर एएफएस या विद्यार्थी-अदलाबदल संस्थेच्या शिष्यवृत्त्या आणि अमेरिकी सरकारच्या पैशाने चालणारा केनेडी-लुगार येस कार्यक्रम जरूर बघा. तिथे स्पर्धा तगडी असते.

वर्षाचं काय

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे-जूनमध्ये, निघायचं ऑगस्टमध्ये. आपल्यासाठी हीच फट सोयीची. अकरावी करून गेलात तर अकरावी-बारावीचा सलग अभ्यास तुटतो, सीबीएसईच्या मुलांना तर जास्तच त्रास होतो. तिकडचं वर्ष आपल्या बारावीत धरलं जात नाही, हे मनाशी पक्कं करा. मी परत येऊन दहावीच्या जुन्याच गुणांवर अकरावीला प्रवेश घेतला. मी परतीच्या तयारीत असताना ऑनलाइन अर्ज आईनेच भरला, पसंतीक्रम आम्ही व्हिडिओ कॉलवर ठरवला. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशात मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र मागतात. तेव्हा तिकडच्या शाळेचा शिक्का मारलेला हजेरीचा आणि गुणांचा कागद उपयोगी पडतो. तो निघायच्या आधीच मागून घ्या. सुट्टी लागल्यावर तिथल्या कचेरीत कुणी भेटत नाही.

गेल्यावर

नियम चार, आणि ते चारही इंग्रजी ‘डी’ वर: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, गाडी चालवणं नाही, प्रेमप्रकरण नाही. मोडलात तर परतीचं तिकीट. परवानगीशिवाय दुसऱ्या गावीही जायचं नाही. वर्षात एकापेक्षा जास्त घरं बदलतात. माझी तीन झाली, आणि पहिलं सोडताना सगळ्यात जास्त रडले.

ब्राझीलमध्ये पोचल्यावर ९० दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करून ओळखपत्र काढावं लागतं. समुपदेशक बरोबर आले, अर्धा दिवस गेला. पोर्तुगीज शून्य होती. पण पहिल्या आठवड्यात यजमान आईने ‘शावी’ मागितली आणि मी चावी दिली. मग ‘साबांव’ म्हणजे साबण, ‘बटाटा’ तर बटाटाच. पोर्तुगीजांनी वसई-गोव्याकडून आपल्या घरात आणून ठेवलेले हे शब्द मला साओ पाउलोपासून सहा तासांवरच्या त्या गावात कामी येतील असं वाटलं नव्हतं. आईला ते ‘माँय’ म्हणतात. तो शब्द मला शिकावा लागला नाही.

जाण्याआधी पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात घ्या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. आम्ही त्यासाठी मुंबईला गेलो. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते येतानाही हातातल्या बॅगेत ठेवा. ब्राझीलहून भारतात उतरताना ते मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. माझ्याबरोबर परतणाऱ्या एकीचं कार्ड मोठ्या सुटकेसमध्ये होतं आणि सुटकेस पट्ट्यावर फिरत होती.

मी तिकडे असताना आमच्या घरी मेक्सिकोची एक मुलगी राहिली. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावं लागतं, आणि मुक्काम १८० दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ती आली त्या रात्री साडेअकराला बाबांनी फॉर्म भरला. त्यात पाहुण्याचा पत्ता विचारला होता. त्यांनी माझ्या खोलीचा दिला.