थ्रॉटल सोडला की वळणंही संपतं

वॉटर स्कूटरच्या अपघाताची बातमी आली की 'वेग आवरला नाही' हे वाक्य ठरलेलंच असतं. वाचणाऱ्याला वाटतं, वेळीच थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, सोडला असता तर सगळं टळलं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं घडतं. समोर अडथळा दिसतो, चालवणारा घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल पूर्ण वळवतो. स्कूटर मात्र नाकासमोर सरळ जाऊन आदळते. हँडलमध्ये काहीही बिघाड नसतो. वळवायला लागणारं बलच त्या क्षणी नाहीसं झालेलं असतं.

याचं मूळ या वाहनाच्या पंपात आहे, आणि तो पंप आला नद्यांतून. न्यूझीलंडच्या उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांत बोटीखाली फिरणारा पंखा टिकत नसे. तिथल्या बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात पंखा बोटीच्या आत, एका नळीत बसवला. तळातून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. आधी हे तोंड पाण्याखाली होतं. ते पाण्याच्या पातळीच्या वर घेतल्यावर बोट आणखी वेगाने धावू लागली. 1960 मध्ये अशाच बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या.

मागे फेकलेलं पाणी मागच्या पाण्याला रेटतं आणि म्हणून बोट पुढे जाते, हा समज इथेच खोटा ठरतो. पाणी हवेत फेकलं तरी रेटा मिळतोच, कारण तो मिळतो पाण्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, बदलल्यामुळे. शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

हा पंप एका माणसाच्या वाहनात आणला अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन यांनी. ते मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींचे, शौकीन होते. पाण्यावर उभ्याने चालवायचं यंत्र त्यांच्या डोक्यात होतं आणि 1965 च्या सुमारास त्यांनी त्याचा अॅल्युमिनियमचा पहिला नमुना बनवला. बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या कॅनडाच्या बॉम्बार्डिए कंपनीने 1968 मध्ये बसून चालवायचं सी-डू बाजारात आणलं, पण थोड्याच काळात ते गुंडाळलं. मग जेकबसन कावासाकीकडे गेले आणि 1973 पासून उभ्याने चालवायची जेट स्की विकली जाऊ लागली. जेट स्की हे कावासाकीचं व्यापारी नाव आहे, पण लोकांनी ते साऱ्या जातीला लावून टाकलं. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात यामाहाची वेव्हरनर आली, 1988 मध्ये सी-डू परतलं, आणि बसून चालवायच्या स्कूटरींनी बाजार व्यापला.

आता पंपाकडे वळू. तळाला जाळी असते, तिच्यातून पाणी वर येतं. इंजिनाच्या दांड्यावरच बसवलेला इम्पेलर, म्हणजे नळीतला पंखा, मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेत ते मागे ढकलतो. इम्पेलरची पाती आणि भोवतीचं कडं यांत एक मिलिमीटरसुद्धा फट नसते. एखादा खडा आत गेला आणि कडं ओरबाडलं गेलं, तर पाणी त्या फटीतून उलटं निसटतं आणि इंजिन जोरात ओरडूनही स्कूटर मंदावते. इम्पेलरमधून निघालेलं पाणी गरगरत असतं. ती गरगर फुकट जाणारी ऊर्जा आहे, म्हणून पुढे स्थिर पाती बसवून प्रवाह सरळ करतात. शेवटी निमुळतं तोंड, म्हणजे नॉझल. बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबल्यावर धार जशी लांब जाते, तसा इथे वेग वाढतो.

थोडा हिशेब करू. समजा पंप सेकंदाला 150 किलो पाणी 30 मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकतोय आणि स्कूटर 20 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगाने चालली आहे. आत येणाऱ्या पाण्याला स्कूटरच्या सापेक्ष 20 चा वेग आधीच आहे, पंपाने त्यात 10 ची भर घातली. म्हणून रेटा 150 गुणिले 10, म्हणजे 1,500 न्यूटन. आदर्श कार्यक्षमता काढायची तर स्कूटरच्या वेगाची दुप्पट भागिले दोन्ही वेगांची बेरीज: 40 भागिले 50, म्हणजे 80 टक्के. स्कूटर हळू चालली असेल तर हाच आकडा घसरतो. संथ चालीला जेट पंप उधळा ठरतो तो त्यामुळे.

आता वळणं. मागचं नॉझल हँडलबरोबर डावी-उजवीकडे फिरतं. ते 20 अंशांनी वळवलं, तर धारेच्या संवेगाचा साधारण तिसरा हिस्सा आडवा जातो. आकडे तेच ठेवले तर मागच्या टोकावर 1,500 न्यूटनच्या आसपास आडवं बल येतं आणि स्कूटर झर्रकन फिरते. या हिशेबात आहे ते पंपातून जाणारं पाणी आणि धारेचा वेग. स्कूटरचा स्वतःचा वेग त्यात थेट कुठेच येत नाही. जहाजाच्या सुकाणूचं बल मात्र जहाजाच्या वेगावर ठरतं. इंजिन बंद पडलं तरी जहाज चालतं आहे तोवर सुकाणू काम करतं. इथे थ्रॉटल सोडला की धार जवळजवळ संपते, आडवं बल शून्याकडे जातं आणि स्कूटरचा वेग मात्र अजून ताशी सत्तरच असतो. घाबरलेला माणूस सहज करतो त्या दोन गोष्टी, थ्रॉटल सोडणं आणि हँडल वळवणं, एकमेकींना मारक आहेत.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 1998 मध्ये या वाहनांचा अभ्यास केला. त्यात दिसलं, की मौजेच्या बोटींपैकी याच प्रकारात बुडून मरणाऱ्यांपेक्षा आदळून मरणारे जास्त होते. त्यानंतर उपाय आले. थ्रॉटल सुटला आणि हँडल पूर्ण वळलेलं असलं, तर इंजिनाचे फेरे काही क्षण टिकवून धरणारी यंत्रणा आली. 2009 मध्ये सी-डूने ब्रेक आणला. त्यात नॉझलमागे एक झडप खाली येते आणि धार पुढच्या दिशेला वळवते. म्हणजे थांबण्यासाठीसुद्धा पाणी फेकावंच लागतं! माझ्या मते पहिल्यांदा बसणाऱ्या प्रत्येकाला मोकळ्या पाण्यात थ्रॉटल सोडून हँडल वळवायला लावलं पाहिजे. काय होत नाही, ते हाताला कळतं. मागे बसणाऱ्यालाही ही धार दाखवावी. मागे पडल्यावर तिच्या माऱ्याने शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते, म्हणूनच वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घालण्याची सूचना स्कूटरवरच लिहिलेली असते.

    

खेळाडू मात्र थ्रॉटलविना वळता न येण्याच्या या मर्यादेतूनच कौशल्य काढतात. आंतरराष्ट्रीय जेट स्पोर्ट्स बोटिंग संघटना 1982 पासून आहे आणि तिची जागतिक अंतिम स्पर्धा अनेक दशकं अॅरिझोनातल्या लेक हवासूला भरत आली. यूआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरबोट महासंघाच्या अॅक्वाबाइक स्पर्धांत बसून, उभ्याने आणि कसरतींचे असे वेगळे गट असतात. बोयाभोवतीच्या वळणात चांगला स्वार थ्रॉटल पूर्ण सोडत नाही. तो थोडा कमी करतो, नाक किंचित खाली येतं, तळाची कड पाण्यात रुतते, आणि मग तो पुन्हा थ्रॉटल देतो. उभ्याच्या गटात तर अर्धं वळण अंगाच्या झुकण्यातून येतं. लाटेवरून उडाल्यावर पंपात हवा शिरते, इम्पेलरवरचा भार जातो आणि फेरे एकदम चढतात. म्हणून हवेत असताना थ्रॉटल आवरायचा आणि पाण्याला टेकताना द्यायचा.

हीच हवा मोठ्या लाटांवर जिवावर बेतते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईत सर्फर लेअर्ड हॅमिल्टन आणि सोबत्यांनी सर्फरला ओढत लाटेवर नेण्याची पद्धत रुजवली, आधी रबरी बोटीने आणि मग वॉटर स्कूटरने. पोर्तुगालच्या नाझारे इथे 2020 मध्ये सेबास्टियन स्टॉइटनर ज्या 26.21 मीटर लाटेवरून उतरला, तिच्यावरही त्याला असंच सोडलं होतं. सर्फर पडला की स्कूटर त्याला आणायला जाते. बाहेर फिरणारा पंखा नसल्याने पाण्यातल्या माणसाच्या अगदी जवळ जाता येतं. पण फुटलेल्या लाटेचा पांढरा फेस म्हणजे अर्धी हवा. पंपात तो शिरला की रेटा आणि वळणं दोन्ही एकदम जातात. म्हणून चालक फेसाच्या कडेने, घट्ट पाण्यातून आत शिरतो, मागे बांधलेल्या तराफ्यावर सर्फरला घेतो आणि पुढची लाट फुटायच्या आत, थ्रॉटल न सोडता, बाहेर पडतो.