स्लॉटमध्ये आहे, पण हजेरीपटावर नाही

सर्व्हरमध्ये नवं कार्ड बसवलं, झाकण लावलं, मशीन चालू केलं. कार्डावरचा दिवा लागलाय, पंखा फिरतोय, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत त्याचा पत्ताच नाही. अशा वेळी पहिला संशय कार्डावर जातो. माझा अनुभव असा, की बऱ्याचदा कार्ड धडधाकट असतं. दिवा लागला म्हणजे वीज पोचली, एवढंच कळतं. हजेरी लागली की नाही, हा वेगळा प्रश्न.

ही हजेरी घेतं फर्मवेअर. मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये बसलेला हा प्रोग्राम बटण दाबल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम उठेपर्यंतचा सगळा कारभार बघतो. आता त्याचं अधिकृत नाव यूईएफआय, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात.

कार्डं मदरबोर्डला जोडायच्या पीसीआय पद्धतीत जास्तीत जास्त 256 बस (म्हणजे उपकरणं जोडायचे मार्ग), प्रत्येक बसवर 32 उपकरणांची जागा आणि प्रत्येक उपकरणात 8 पर्यंत उपविभाग. फर्मवेअर एकेका पत्त्यावर जाऊन विचारतं, ‘कोण आहे?’ तिथल्या उपकरणाने आपला उत्पादक क्रमांक सांगायचा. इंटेलचा क्रमांक आहे 8086, म्हणजे 1978 साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा! पत्त्यावर कोणी नसेल, तर उत्तरात सोळाही बिट 1 येतात, म्हणजे सोळाच्या अंकपद्धतीत एफएफएफएफ. म्हणूनच हा क्रमांक कुठल्याही उत्पादकाला देत नाहीत. तो गैरहजेरीसाठी राखलेला आहे. ही रचना मला फार सुंदर वाटते.

नुसतं ‘हजर’ म्हणून मात्र भागत नाही, बसायला जागाही लागते. प्रोसेसरला कार्डाशी बोलता यावं म्हणून मेमरीच्या पत्त्यांपैकी काही पत्ते कार्डाच्या नावे करावे लागतात. किती, हे विचारायची रीत मजेदार आहे. फर्मवेअर कार्डाच्या एका नोंदीत सगळीकडे 1 लिहितं आणि तीच नोंद परत वाचतं. जे बिट हट्टाने 0 राहिले, त्यांवरून जागेचा हिशेब लागतो. जुन्या प्रथेप्रमाणे ही जागा पहिल्या 4 जीबी पत्त्यांमध्येच द्यायची. पण मोठी आकडेमोड करणारं ग्राफिक्स कार्ड एकटंच 16 जीबी मागू शकतं. ते तिथे मावणार कसं? त्यासाठीच फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबव्ह फोर जी डिकोडिंग’, म्हणजे 4 जीबीच्या वरचे पत्ते द्यायची मुभा असते. ती बंद असेल तर कार्ड सापडूनही बेघर राहतं.

आता मला सगळ्यात जास्त छळलेला प्रकार. 16 लेनच्या (लेन म्हणजे डेटा वाहणाऱ्या तारांची मार्गिका) स्लॉटमध्ये चार एनव्हीएमई ड्राइव्ह (डेटा साठवणारे वेगवान ड्राइव्ह) घेणारं एक कार्ड मी बसवलं. दिसला एकच ड्राइव्ह. तीन खराब निघाले म्हणावं, तर मी त्यांच्या जागा बदलून पाहिल्या. जो ड्राइव्ह पहिल्या जागेवर ठेवावा, तोच दिसायचा. म्हणजे ड्राइव्ह चारही चांगले, दोष जागेत. त्या कार्डावर लेन वाटून देणारी चिपच नव्हती, नुसत्या तारा इकडून तिकडे नेल्या होत्या. फर्मवेअरच्या लेखी त्या स्लॉटमध्ये एकच पाहुणा. पहिल्या चार लेनवर ड्राइव्ह भेटला, बोलणं जुळलं, बाकीच्या बारा लेन तशाच पडून. सेटिंग्जमध्ये स्लॉटचं ‘बायफर्केशन’, म्हणजे लेनची विभागणी, 4+4+4+4 केलं आणि रिबूट होताच चौघेही यादीत आले.

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये आणखी एक गोष्ट आधी बघावी. काही स्लॉटच्या लेन थेट दुसऱ्या प्रोसेसरमधून येतात. तो सॉकेट रिकामा असेल, तर ते स्लॉट दिसायला स्लॉट, प्रत्यक्षात मुके. कुठला स्लॉट कोणाचा, हे मॅन्युअलमधल्या आकृतीत दिलेलं असतं. सेटिंग्ज चाळण्याआधी ती आकृती उघडावी.

यादीत ‘अनोळखी उपकरण’ असं दिसलं, तर खरं म्हणजे हायसं वाटायला हवं. हजेरी लागलेली आहे, फक्त ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, नाही. उत्पादक आणि उपकरण क्रमांक तिथेच मिळतात (लिनक्सवर एलएसपीसीआय ही आज्ञा ते दाखवते), त्यांवरून योग्य ड्रायव्हर शोधता येतो.

त्याच चार ड्राइव्हच्या मशीनवर पुढे फर्मवेअर अपडेट केलं आणि सकाळी तीन ड्राइव्ह गायब. रेडचा (अनेक ड्राइव्ह जोडून केलेल्या एकत्र साठ्याचा) इशारा लाल. सोबतचा सहकारी नवे ड्राइव्ह मागवून रेड पुन्हा बांधायला निघाला होता. मी त्याला थांबवलं. तीन ड्राइव्ह एकाच मिनिटाला मरत नाहीत, आणि उरलेला नेमका पहिल्या जागेवरचा होता. सेटिंग्ज उघडली. अपडेटने सगळं मूळपदावर नेलं होतं, स्लॉट पुन्हा अखंड 16 लेनचा झाला होता. 4+4+4+4 केलं, रिबूट केलं. चौघेही हजर, डेटा जसाच्या तसा.