गाववाचनालये (बडोदे संस्थान)

बडोदे संस्थानात लोकवर्गणीच्या पायावर उभी राहिलेली ग्रामीण वाचनालये. सरकारने ती गावाला आयती दिली नाहीत. पहिला हात गावाने लावायचा, हा या योजनेचा कणा. हिशेब तीन वाट्यांचा होता : गावाने 100 रुपये जमवले, की प्रांत पंचायतीचे (जिल्हा पातळीवरच्या स्थानिक मंडळाचे) 100 आणि सरकारचे 100. वाचनालयाला इमारत बांधायची तरी वाटणी हीच. घरटी फिरून वर्गणी गोळा केली, की खिडकीचे तावदान फुटले तरी तक्रार घेऊन बडोद्याला जावेसे वाटत नाही. ते आपलेच असते.

श्रेय सहसा तिसरे सयाजीराव गायकवाड आणि त्यांनी 1910 साली अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना दिले जाते. ते रास्तच, पण अपुरे. मध्य गुजरातच्या चरोतर भागातील वसो गावचे मोतीभाई अमीन (1873–1939) हे शिक्षक 1906 पासूनच मित्रमंडळाच्या नावाने गावोगाव पुस्तकालये काढत होते. पुढे संस्थानाने त्यांनाच ग्रंथालय खात्यात घेतले. बडोदे शहराच्या रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी घरांत महाराजांचे नाव आदराने निघते. या गुजराती मास्तरांचेही तितक्याच आदराने निघायला हवे.

योजनेची निकड शाळेतून आली. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली संस्थानभर सुरू झाले. पण चौथी शिकून शेतावर गेलेल्या पोराच्या हाती पुन्हा छापील कागद पडला नाही, तर शिकलेले अक्षर पुसले जाते.

वर्गणी न जमणाऱ्या गावांसाठी फिरत्या पेट्या होत्या. कुलूपबंद लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तके. बडोद्याहून ती गावी पोचायची, वाचून झाली की परत यायची आणि नवी निघायची. वाहतुकीचा खर्च खाते सोसत असे. स्त्रिया व मुलांसाठी वेगळी वाचनाची सोय आणि निरक्षरांसाठी मॅजिक लँटर्नचे (काचेवरची चित्रे दिव्याने पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे) खेळ, हेही याच खात्याचे काम. 1912 पासून निघालेल्या ‘लायब्ररी मिसलनी’ या त्याच्या नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

1949 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा अशी वाचनालये हजाराच्या वर गेली होती. बडोद्यातले मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही चालू आहे.