दे इकडे, तुला नाही जमायचं

भाचीच्या बारशाला मी लातूरला गेले होते. पहिलं बाळंतपण, त्यामुळे भावजय माहेरी होती. भाऊ पुण्याहून शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघायचा आणि रविवारी रात्री परतायचा. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून मी पाळण्याजवळच बसले होते. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. भाऊ शेजारी होता, त्याने उचललं. एक तळवा मानेखाली, दुसरा पाठीखाली, अगदी बरोबर धरलं होतं. तरीही तीन बाजूंनी तीन बायकांचे हात पुढे आले. 'दे इकडे, तुला नाही जमायचं.' त्याने मुकाट्याने मुलगी दिली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या तीन हातांतला एक माझा होता. दोन वर्षं होऊन गेली, तरी गॅलरीतला तो पाठमोरा भाऊ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपण हे किती सहज बोलतो. 'पुरुष म्हणजे मोठं बाळच.' 'बापाला काय कळतंय त्यातलं?' 'साधा ताप आला तरी घर डोक्यावर घेतात.' यात राग नसतो, मायाच असते. आणि त्याच तोंडाने आपण असंही म्हणतो, की सगळे पुरुष मेले सारखेच, त्यांना फक्त हुकूम गाजवायला हवा. एकाच माणसाविषयी लाडही आणि रागही. मानसशास्त्रात नेमक्या या जोडीचा अभ्यास झाला आहे.

पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1996मध्ये स्त्रियांविषयीच्या दुहेरी भावना मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. स्त्रीचा तिरस्कार हा भेदभाव आहे हे सगळ्यांना कळत होतं. पण 'स्त्री नाजूक असते, तिला जपलं पाहिजे' हे गोड बोलणंही तिला चौकटीत बसवतं, हे त्यांनी आकड्यांत दाखवलं. तीन वर्षांनी त्यांनी तोच आरसा पुरुषांकडे वळवला. या दुसऱ्या प्रश्नावलीत काही विधानं रागाची आहेत, काही लाडाची. पुरुष आजारी पडले की तान्ह्या मुलासारखे वागतात. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असले तरी घरात त्याची काळजी तिनेच जास्त घ्यायला हवी. अशा प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत ते सांगायचं असतं. मी ती विधानं पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, ही तर आमच्या स्वयंपाकघरात बसून लिहिली आहेत.

2004मध्ये याच प्रश्नावलीवर 16 देशांतल्या 8,360 लोकांची उत्तरं प्रसिद्ध झाली. पुरुषांविषयी राग आणि पुरुषांचे लाड या दोन उलट्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. म्हणजे जिथे राग जास्त तिथे लाड कमी असणार. निघालं नेमकं उलटं. दोन्ही हातात हात घालून चालतात. एक जास्त तर दुसरंही जास्त, आणि ज्यांच्या मनात ही जोडी पक्की, त्यांच्या मनात स्त्रियांविषयीचे पूर्वग्रहही पक्के. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या देशांत स्त्री-पुरुष समानता कमी, तिथे पुरुषांविषयीचा रागही जास्त आणि लाडही जास्त. पुरुष स्वभावाने तितकेसे चांगले नसतात, पण ताकदवान असतात, अशीच साधारण प्रतिमा लोकांच्या मनात होती.

ही देशादेशांची तुलना आहे. कशामुळे काय होतं हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. पण ग्लिक आणि फिस्क यांनी लावलेला अर्थ मला पटतो. 'पुरुष असेच असतात' हे चिडून म्हटलं काय किंवा कौतुकाने म्हटलं काय, त्यातून तो सत्तेसाठीच जन्माला आला आहे असंच ठरतं. बाहेर हुकूम चालवणारा आणि घरात चहाही न करता येणारा, हे एकाच माणसाचं चित्र. चिडणारी बाई ते बदलू पाहत नाही, कारण 'हे असेच'. लाड करणारीही बदलू पाहत नाही, कारण 'हे असेच'.

मग ही प्रतिमा मनात येते कुठून? लॉरी रडमन आणि स्टेफनी गुडविन यांनीही 2004मध्येच एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी विचारपूर्वक दिलेली उत्तरं मोजली नाहीत, मनात आपोआप उमटणारी ओढ मोजली. पडद्यावर शब्द येतात, ते झटपट दोन गटांत टाकायचे असतात. मनात ज्यांची सांगड आधीच बसलेली असते, त्या शब्दांना हात लवकर जातो. दिसलं असं, की स्त्रियांना स्त्रियांविषयी जेवढा आपलेपणा वाटतो, तेवढा पुरुषांना पुरुषांविषयी वाटत नाही. हा फरक लहानसहान नव्हता. आणि त्यामागे दोन धागे सापडले. ज्यांच्या मनाची ओढ वडिलांपेक्षा आईकडे जास्त, त्यांचा कल स्त्रियांकडे जास्त. ज्यांच्या मनात पुरुष म्हटलं की हिंसा येते, त्यांचाही तसाच.

पहिला धागा मला फार मोलाचा वाटतो. रात्री कुणी उठून घेतलं, ताप आला तेव्हा कुणाचा हात कपाळावर होता, यावरून आपली माणसांविषयीची पहिली समजूत बनत असणार. तिथे पुरुष नसेल तर तो आपल्या मनातल्या मायेच्या खोलीत येणार तरी कसा? दुसरा धागाही खरा आहे. पुरुषांची भीती बायकांनी कल्पनेतून आणलेली नाही, अनुभवातून आणली आहे, आणि ती भीती दूर करायची जबाबदारी बायकांची नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की बाईला निसर्गानेच ते दिलेलं असतं, पुरुषाच्या शरीरात ते नाही. हे उत्तर तपासून पाहिलं गेलं आहे.

फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात ली गेटलर, क्रिस्टोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 624 तरुणांची लाळ तपासली. पहिल्यांदा 2005मध्ये, हे सगळे एकविशी-बाविशीत असताना, आणि पुन्हा 2009मध्ये. मोजलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ज्याला आपण पुरुषत्वाचं संप्रेरक म्हणतो ते. आधी बापांचं आणि बाप नसलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन एकदाच मोजून तुलना व्हायची. तेव्हा शंका राहायची, की मुळात ज्यांचं कमी तेच संसारात पडत असतील. इथे तीच माणसं आधी आणि नंतर मोजली होती, त्यामुळे ती शंका निकालात निघाली. सुरुवातीला ज्या एकट्या तरुणांचं टेस्टोस्टेरॉन जास्त होतं, तेच पुढे जोडीदार मिळून बाप होण्याची शक्यता जास्त होती. पण बाप झाल्यावर त्यांचीच पातळी घसरली. सकाळची साधारण 26 टक्क्यांनी, संध्याकाळची 34 टक्क्यांनी. बाप न झालेल्यांचीही त्या चार वर्षांत थोडी उतरली होती, पण ती 12 आणि 14 टक्केच. बाळ महिन्याभराच्या आतलं असेल, तर घट आणखी मोठी. आणि जे बाप रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते, त्यांची पातळी मुलाचं काहीच न करणाऱ्या बापांपेक्षा कमी होती.

इथे कुणी घाबरून जाऊ नये. ही घट म्हणजे आजार नव्हे. बहुतेक सस्तन प्राण्यांत नर पिलांकडे फिरकत नाही. ज्या थोड्या जातींत तो पिलं सांभाळतो, त्यांच्यातल्या अनेकांत असे बदल दिसतात. जोडीदार मिळवण्यासाठी लागणारी ईर्षा मागे पडते आणि सांभाळायची तयारी पुढे येते. म्हणजे पुरुषाच्या शरीरात ही सोय आहे. ती चालू व्हायला बाळ हातात यावं लागतं.

नुसतं बाप होऊन भागत नाही, हे टांझानियातल्या एका अभ्यासाने फार सुंदर दाखवलं आहे. तिथे हाडझा आणि दातोगा असे दोन समाज एकमेकांच्या शेजारी राहतात. हाडझा शिकारीवर आणि कंदमुळांवर जगतात. त्यांचे बाप मुलांना घेतात, खेळवतात, जवळ घेऊन झोपतात. दातोगा पशुपालक. तिथे तान्हं मूल हे बायकांचं काम. मार्टिन मुलर आणि फ्रँक मार्लो यांच्या 2009च्या अभ्यासात हाडझा बापांचं टेस्टोस्टेरॉन बाप नसलेल्यांपेक्षा कमी होतं. दातोगांमध्ये असा फरक दिसला नाही. परिसर तोच, मूल दोघांनाही झालेलं. फरक होता तो मूल कुणाच्या हातात दिलं जातं याचा.

मेंदूचंही तेच. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने पहिल्यांदाच पालक झालेल्या 89 जणांना एमआरआय यंत्रात झोपवून स्वतःच्या बाळाबरोबरचं चित्रण दाखवलं. हा अभ्यास 2014मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुलाचं मुख्यतः स्वतः करणाऱ्या आया होत्या, त्यांना हातभार लावणारे बाप होते, आणि जन्मापासून बाईच्या मदतीशिवाय मूल वाढवणारी समलिंगी पुरुषांची जोडपीही होती. बाळाची चाहूल लागताच सावध होणारा मेंदूतला भाग म्हणजे अमिग्डला. तो आयांमध्ये जास्त जागा होता, हातभार लावणाऱ्या बापांमध्ये कमी. पण ज्या पुरुषांवर मुलाची पूर्ण जबाबदारी होती, त्यांच्यात तो आयांइतकाच जागा होता. शिवाय समोरच्याच्या मनातलं ओळखणाऱ्या भागाशी त्याचे धागे जुळलेले होते. बाप मुलासाठी जितका जास्त वेळ देत होता, तितकी ही जुळणी घट्ट होती.

हे वाचताना मला आपलं बाळंतपण आठवत राहतं. माहेरी जाण्याची रीत मला प्रिय आहे. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, हक्काची झोप, सासरच्या कामांपासून सुटका, हे सगळं त्या बाईला मिळायलाच हवं. पण या रीतीत बाप पाहुणा होतो. ज्या महिन्यात त्याचं शरीर सर्वांत जास्त बदलायला तयार असतं असं सेबूचे आकडे सुचवतात, तोच महिना तो दोनशे-तीनशे किलोमीटर दूर, मेसचा डबा खाऊन, व्हिडिओ कॉलवर बाळ बघत काढतो. तीन महिन्यांनी बाळ घरी येतं, तोवर त्याला शांत कसं करायचं हे आई शिकलेली असते आणि बाप शिकलेला नसतो. मग आपण म्हणतो, बघा, निसर्गच तसा आहे.

सरकारी हिशेबातही हे दिसतं. 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवत होत्या आणि करणारे पुरुष 88 मिनिटं. मातृत्व रजा 2017पासून 26 आठवड्यांची झाली, ते चांगलंच झालं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मिळते 15 दिवसांची रजा, आणि खासगी नोकरीतल्या बापासाठी तेवढाही कायदा नाही. स्वीडनने 1974मध्येच रजा दोघा पालकांची केली, पण बाप ती फारशी घेत नव्हते. मग 1995पासून एक महिना असा राखून ठेवला, की तो आईच्या नावावर करता येईना. वापरा नाहीतर सोडा. आता असे 90 दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत.

आपल्याकडे एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. अंगावर पाजणाऱ्या आईला ती आडोशाची जागा हवीच आणि ती बायकांपुरतीच असायला हवी. पण एकट्या बापाने बाळाचं लंगोट कुठे बदलायचं? मी एका स्टँडवर एक तरुण बाप बाकड्यावर टॉवेल अंथरून ते करताना पाहिला. आजूबाजूच्या बायका हळहळत होत्या, 'आई कुठे गेली असेल बाई?' कुणाच्याही मनात हे आलं नाही, की आई कामावर असेल आणि बाप आपलं काम करत असेल.

या प्रतिमेची किंमत पुरुषही देतात. जो कधी रडत नाही, कुणाकडे मदत मागत नाही, तो पुरुष, असं शिकवल्यावर मदत मागायची कशी? 2022मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत 1,22,724 पुरुष होते. कर्ज, आजारपण, बेकारी, व्यसन, कारणं पुष्कळ आहेत आणि ती एका सूत्रात बसत नाहीत. पण या माणसांपैकी किती जणांना आपलं दुःख घरात मोकळेपणी बोलता आलं असेल, हा प्रश्न मला सोडत नाही.

भावजय रजा संपवून कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात बाळाला आंघोळ घालणाऱ्या बाई आजारी पडल्या. मी तेव्हा पुण्यातच होते. आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. मी पदर खोचायला लागले, तर भाऊ म्हणाला, 'ताई, थांब.' मोरीत पाट ठेवून तो बसला, पाय लांब केले आणि मुलीला पायांवर पालथं घेतलं. पाण्यात कोपर बुडवून बघितलं, गार पाणी घातलं, पुन्हा बघितलं. आई दारात उभी होती. 'मानेला धर,' ती म्हणाली, आणि मग त्याने धरलेलीच आहे हे तिला दिसलं. मुलगी जरा किरकिरली, मग पाठीवर कोमट पाण्याची धार पडताच गप्प झाली. 'कानांमागे पूस नीट,' एवढं म्हणून आई धुपाटणं पेटवायला आत गेली.