चिरेखाणीतला कचरा आणि मिथेन

चिरे काढून झाले की जांभ्याची खाण म्हणजे आयता खड्डा. कचरा टाकायला सोयीचा, पण वायूंच्या हिशेबात याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. कारण खोली: तळाशी प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायूविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो.

१ टन ओला कचरा घ्या. त्यात कार्बन साधारण १५० किलो. त्यातला निम्माच कुजतो आणि त्याचाही निम्मा मिथेन होतो. प्राणवायू अजिबात पोचला नाही, तर साडेसदतीस किलो कार्बन मिथेनमध्ये जातो, आणि त्याला जोडलेला हायड्रोजन धरून ५० किलो मिथेन. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या पद्धतीत ५ मीटरपेक्षा उथळ ढिगाला याच्या ०.४ पट धरतात, त्याहून खोल ढिगाला ०.८ पट. म्हणजे तोच कचरा पसरला तर २० किलो, खाणीत लोटला तर ४०. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, तेव्हा खाणीतला एक टन म्हणजे १.१ टन कार्बन डायऑक्साइड.

त्यात आपला पाऊस. थंड, कोरड्या हवेत अन्नाचा कचरा निम्मा कुजायला १२ वर्षे धरतात. उष्ण, दमट हवेत पावणेदोन. त्यामुळे ‘डेपो भरला की वरून माती टाकू आणि पाइप घालून वायू काढू’ हा बेत कोकणात उशिराचाच. पाइप येईपर्यंत बराचसा वायू उडून गेलेला असतो. शिवाय जांभा सच्छिद्र. काळे पाणी झिरपते ते वेगळेच.

खत केले तर टनामागे मिथेन ४ किलोच्या आसपास, पण ढीग श्वास घेत असेल तरच. इथे तो गुदमरतो दोन कारणांनी: पाऊस आणि मासळी. मासळीच्या कचऱ्यात नत्र फार, म्हणून एका घमेल्याला सुका पातेरा (झाडाची गळलेली पाने) तीन घमेली, आणि मासळी ढिगाच्या पोटात, वर नाही. पातेरा एप्रिल-मेमध्येच गोळा करून छपराखाली ठेवावा (आपण तो जाळून मोकळे होतो). शहाळी अख्खी टाकू नयेत, तुकडे करावेत. ढीग दीड मीटरपर्यंत, आठवड्याला एकदा उलथायचा. मूठ दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर पातेरा कमी पडला. मधोमध ५५ अंशांच्या वर उष्णता हवी. अंड्यासारखा कुजका वास आला, तर आत हवा संपली आहे आणि मिथेनही सुरू झाला असणार. त्याला वास नसतो, एवढेच.