८४५ सालचं चर्च दोनशे वर्षांनी तरुण कसं झालं

लंडनच्या ईशान्येला एसेक्समध्ये चिपिंग ओंगर गावाजवळ ग्रीनस्टेड नावाचं खेडं आहे, तिथलं सेंट अँड्र्यूज चर्च जगातलं सगळ्यात जुनं लाकडी चर्च म्हणून ओळखलं जातं. लंडनला कोणी नातेवाईक असेल तर सेंट्रल लाइननं एपिंगपर्यंत जा आणि तिथून पुढे बस किंवा टॅक्सी, अर्धा दिवस पुरतो. अगदी छोटं आहे हो, कॅथेड्रल बघायला निघालेल्या माणसाला वाटेल की बाहेरची शेड आहे. पांढऱ्या फळ्यांचा बुटका टॉवर, वर कौलं, आणि मधल्या हॉलची भिंत म्हणजे एकाला एक चिकटवून उभे केलेले ओकचे ओंडके, एकूण ५१.

या ओंडक्यांपाशी जरा थांबू. खोड उभं चिरलंय, गोल बाजू बाहेर ठेवलीय आणि चिरलेली बाजू वाकसानं तासून सपाट करून आत घेतलीय. त्यामुळे बाहेरून बघितलं तर झाडांची रांग उभी असल्यासारखं वाटतं आणि आतून बऱ्यापैकी सरळ भिंत. दोन ओंडक्यांच्या मधून वारा आणि पाऊस आत येऊ नये म्हणून प्रत्येकाच्या कडेला उभी खाच पाडली आणि दोन खाचांमध्ये ओकचीच पातळ पट्टी सरकवून बसवली. जुन्या इंग्रजीत बांधणे या क्रियापदालाच 'टिंब्रन' म्हणायचे, आपण टिंबर म्हणतो ना तोच शब्द, म्हणजे घर बांधायचं तर लाकडाचंच हे गृहीतच होतं. तशी चर्च ढीगभर असणार, पण काही कुजली, काही जळली, काही पाडून तिथे दगडी बांधली. हे मात्र राहिलं.

आता वयाचा मुद्दा. १९६० मध्ये ओंडक्यांतली वर्तुळं, दर वर्षी एक पडतं ती, तपासून साल काढलं ते आलं ८४५, आणि ते सगळीकडे छापलं गेलं. नंतर १९९५ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा कळलं की ओंडक्यात शिल्लक असलेलं शेवटचं वर्तुळच १०५३ सालचं आहे, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांची चूक!

कशी काय? आमच्याकडे जुनी माणसं जन्मसाल सांगताना म्हणतात ना, बहात्तरच्या दुष्काळात झाला, की पुढच्या वर्षी. झाडाचंही तसंच असतं. ओक दर वसंतात मोठ्या पोकळ नळ्यांचं लाकूड करतो आणि उन्हाळ्यात घट्ट लाकूड, या दोन्हींचं मिळून एक वर्तुळ. चांगलं वर्ष असेल तर जाड, वाईट असेल तर बारीक. एकाच भागातल्या झाडांनी तीच चांगली-वाईट वर्षं काढलेली असतात त्यामुळे जाड-बारीकचा क्रम जुळतो, आणि आजच्या जिवंत झाडापासून सुरुवात करून जुन्या घराची तुळई, मग त्याहून जुनी, असं एकात एक अडकवत शेकडो वर्षं मागे जाता येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय, तत्त्व तेच. पण ही साखळी लांब आणि भक्कम हवी, आणि १९६० मध्ये ब्रिटनमध्ये या कामाची नुसती सुरुवात होती. क्रम चुकीच्या जागी जुळला की सगळं साल घसरतं, आणि ते जुळलेलं दिसतं म्हणून संशयही येत नाही.

बरं, १०५३ ला झाड तोडलं असंही नाही. सालीलगतचं कच्चं लाकूड किड्यांचं आवडतं, त्याला आधी भुंगा लागतो, गाभा मात्र टॅनिनमुळे टिकतो. इथे ते बाहेरचं लाकूड गेलंय. ब्रिटिश ओकमध्ये अशी साधारण १० ते ५५ वर्तुळं असतात, तेवढी १०५३ मध्ये मिळवली की झाड तोडल्याचं साल १०६३ ते ११०८ च्या मध्ये कुठेतरी येतं.

याचा खरा फटका बसला तो एका लाडक्या कथेला. पूर्व अँग्लिया या इंग्लंडच्या पूर्वेकडच्या जुन्या राज्याचा राजा एडमंड ८६९ मध्ये डेन लोकांकडून, म्हणजे व्हायकिंगांकडून, मारला गेला आणि पुढे संत झाला. १०१३ मध्ये त्याचा देह लंडनहून परत बरी सेंट एडमंड्सला नेताना एक रात्र या चर्चमध्ये ठेवला होता अशी परंपरा आहे. ८४५ सालच्या भिंती असत्या तर गोष्ट छान बसत होती, पण आता देह आला तेव्हा हे ओंडके रानात झाडं म्हणून उभे होते! अर्थात १९६० मध्येच पुढच्या भागाखाली, म्हणजे आपण गाभारा म्हणू त्या जागेखाली, खणलं तेव्हा त्याआधीच्या दोन लाकडी बांधकामांच्या खुणा मिळाल्या. त्यामुळे कथा खोटीच असं मी म्हणणार नाही, इमारत दुसरी असेल एवढंच.

अजून एक कथा भिंतीतल्या छोट्या भोकाची. कुष्ठरोग्यांना आत येऊ देत नसत म्हणून ते बाहेरून यातून प्रार्थना बघायचे असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. आता अभ्यासकांना वाटतं की तो बहुतेक दाराजवळ पवित्र पाणी ठेवायचा साधा कोनाडा असावा. मला हेच जास्त पटतं, पण गाइडला विचाराल तर पहिली गोष्टच रंगवून सांगेल.

बाकी चर्च सगळं जुनं नाही. वेदीचा भाग १५०० च्या आसपासचा, विटांचा. टॉवरमधल्या घंटेवर १६१८ आहे. छपरातल्या उजेडाच्या खिडक्या नंतरच्या, आधी आत चांगलाच अंधार असणार. १८४८-४९ च्या दुरुस्तीत तर कुजलेले पाय कापून ओंडके विटांच्या जोत्यावर बसवले, म्हणजे मूळ ओंडके आजच्यापेक्षा थोडे लांब होते. त्या दुरुस्तीवर आजही नाकं मुरडली जातात, पण तेव्हा पाय कापले नसते तर कुज वर चढत गेली असती हेही खरं.

आणि १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई झाली, फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंडच्या सॅक्सन राजाला हरवून गादी घेतली. ते साल बरोबर १०६३ ते ११०८ च्या आत पडतं. त्यामुळे पुस्तकात सॅक्सन चर्च म्हणून छापलेलं असलं तरी सुताराने कुऱ्हाड चालवली तेव्हा गादीवर सॅक्सन राजा होता की नॉर्मन, हे वर्तुळं सांगत नाहीत. एखाद्या ओंडक्याला बोटभर साल राहिली असती तर नेमकं वर्ष सांगता आलं असतं.