टँकरच्या माथ्यावरची झडप

१ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यावर, सिडको उड्डाणपुलाजवळ, स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर दुभाजकाला धडकला आणि गळती सुरू झाली. परिसराची वीज तोडावी लागली, रस्ता बंद करावा लागला आणि अग्निशमन दलाने कित्येक तास टँकरवर पाण्याचा मारा केला. त्यानंतर टँकरच्या ‘व्हॉल्व्ह’विषयी पुष्कळ बोलले गेले, पण त्या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होत असल्याचे मला वारंवार जाणवते. धक्क्याने तुटलेल्या जोडणीतून होणारी गळती हा अपघात असतो. टाकीची सुरक्षा झडप उघडून गॅस बाहेर पडणे ही मात्र मुद्दाम योजलेली क्रिया असते. ‘आवाज येतोय, ती झडप आधी बंद करा’ असे सांगणारा माणूस चांगल्या हेतूने अत्यंत घातक सल्ला देत असतो.

टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. हवेच्या साध्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास. म्हणजे परभणीच्या मे महिन्यात हा द्रव केवळ दाबाखाली कोंडलेला आहे म्हणूनच द्रव राहिलेला असतो. त्यावरच्या वाफेचा दाब टाकीत माल किती आहे यावर नव्हे, तर मालाच्या तापमानावर ठरतो. ४० अंशांना शुद्ध प्रोपेनच्या वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या तेरा पटींहून अधिक असतो, ब्युटेनचा चार पटींहून थोडा कमी, आणि मिश्रणाचा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. शिवाय हा द्रव तापल्यावर पाण्यापेक्षा सुमारे दहापट अधिक फुगतो. त्यामुळे टाकी काठोकाठ भरत नाहीत, वाफेसाठी वर मोकळी जागा राखतात. (दर उन्हाळ्यात ‘मोटारसायकलची टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल’ असा संदेश मोबाइलवर फिरतो. त्याला हे शास्त्र लागू नाही. पेट्रोल साध्या दाबालाही द्रवच राहते.)

आता झडप. स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी हीदेखील दाब सोडणारी झडपच आहे. तिथे भोकावर एक वजन ठेवलेले असते आणि वाफेचा रेटा त्या वजनाहून जास्त झाला की ते उचलले जाते. गेवराईच्या रस्त्यावर खड्ड्यांतून उसळत जाणाऱ्या टँकरवर असे वजन चालणार नाही, म्हणून त्याच्या जागी दाबलेली स्प्रिंग बसवतात. समजा, झडपेच्या तोंडाचा व्यास ५ सेंटिमीटर आहे आणि ती दर चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या दाबाला उघडायला हवी. तोंडाचे क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे स्प्रिंगने तबकडीवर सुमारे २७५ किलोंचा, पावणेतीन क्विंटलांचा, भार धरून ठेवला पाहिजे.

पण नुसती स्प्रिंग पुरत नाही, आणि या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा भाग इथेच आहे. तबकडी जसजशी उचलली जाते तसतशी स्प्रिंग अधिक दाबली जाते आणि अधिक जोराने विरोध करते. दाब नेमका उंबरठ्यावर असेल, तर झडप किंचित उघडेल, लगेच मिटेल, पुन्हा उघडेल. या थरथरीने तिची बैठक झिजेल आणि गॅसही पुरेसा सुटणार नाही. यावरचा उपाय असा, की तबकडीला तोंडापेक्षा रुंद कड ठेवतात. झडप मिटलेली असताना वाफ फक्त मधल्या भागावर रेटा देते. ती केसभर उचलली गेली, की निसटलेली वाफ कडेखालच्या पोकळीत शिरते आणि आता त्याच दाबाला रेटण्यासाठी मोठे क्षेत्रफळ मिळते. रेटा एकदम वाढतो आणि तबकडी फट्कन पूर्ण उघडते. मिटतानाही हेच उलट घडते: मोठ्या क्षेत्रफळावरचा रेटा स्प्रिंगपुढे हरेपर्यंत, म्हणजे दाब उघडण्याच्या पातळीच्या बराच खाली येईपर्यंत, झडप उघडीच राहते. उघडण्याचा दाब आणि मिटण्याचा दाब यांतले हे अंतर मुद्दाम राखलेले असते.

वाफ बाहेर गेली की आतला द्रव उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता स्वतःतूनच घेऊन थंड होतो. माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते तसाच. म्हणूनच झडप वाफेच्या जागेशीच जोडलेली असावी लागते, आणि दाबपात्रांविषयीच्या भारतीय नियमांतही तसे सांगितलेले आहे. टँकर उलटला, तर झडपेचे तोंड द्रवाखाली जाते आणि वाफेऐवजी द्रव बाहेर फेकला जातो. एक लिटर द्रवाचा साधारण २५० लिटर गॅस होतो. पेट्रोल-डिझेलच्या टँकरवरची झडप याहून पुष्कळ हलक्या दाबाची आणि दुहेरी असते: ती वाफ बाहेर सोडते, तशीच माल उपसताना हवा आतही घेते, नाहीतर बाहेरच्या हवेच्या दाबाने टाकी चेपते.

गॅसच्या टँकरवरील सुरक्षा झडपांची सक्षम व्यक्तीकडून दरवर्षी तपासणी व्हावी, असा नियम आहे. बंपरला बांधलेले लिंबू-मिरची आणि मागे लटकवलेली काळी बाहुली यांचा त्या पोलादी स्प्रिंगवर काहीही परिणाम होत नाही. गंज आणि धूळ यांचा होतो.

स्पेनमधील लॉस आल्फाकेस येथे ११ जुलै १९७८ रोजी प्रोपिलीनचा टँकर समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटकांच्या तळाजवळ फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. त्या टाकीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेला होता आणि तिला सुरक्षा झडपच नव्हती.

झडप असूनही एक धोका उरतो. टाकीला खालून आग लागली, तर द्रवाला टेकलेला पत्रा द्रवामुळे फार तापत नाही, पण वाफेच्या बाजूचा कोरडा पत्रा झपाट्याने तापतो, आणि ६०० अंशांच्या आसपास पोलादाची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते. मग झडपेने राखलेला नेहमीचा दाबही त्या पत्र्याला सोसत नाही. अग्निशमन दल पाण्याचा मारा टाकीच्या वरच्या भागावर करते ते यासाठीच. झडपेचा आवाज चढत चालला, तर ती सोडते त्याहून वेगाने आत वाफ तयार होते आहे असा त्याचा अर्थ असतो, आणि त्या क्षणी जवानांनाही मागे बोलावले जाते.